काकींची बादली

22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात ज्या घरांत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यातल्या बऱ्याच भिंती पुढे माझ्या हाताखालून गेल्या. रंगकाम हाच माझा धंदा. त्यातलं एक घर मात्र अजून डोक्यातून जात नाही.

ऑगस्ट संपत आला होता आणि गणपती 10 सप्टेंबरला. काकांचं एकच म्हणणं, "मखराच्या मागची भिंत तरी रंगवून दे रे." छातीच्या उंचीवर पाण्याची रेघ होती, तिच्याखाली काळे-हिरवे ठिपके. कपाट सरकवलं तर मागे बुरशीची अख्खी मखमल. कपाटाचं प्लाय बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. ते फेकायलाच सांगितलं, कारण फुगलेलं प्लाय किंवा भिजलेली गादी पुसून साफ होत नाही.

रंगाला मी नाही म्हटलं. चिऱ्याची भिंत, वर सिमेंटचा गिलावा. वीतभर अॅल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवली आणि दोन दिवसांनी काढली. भिंतीकडची बाजू ओलीचिंब. बाहेरची बाजू ओली असती तर खोलीतल्या दमट हवेला दोष दिला असता. इथे पाणी भिंतीच्या पोटातच होतं. त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून प्लास्टिक पेंट मारायचा म्हणजे ओल आत कोंडायची. डब्यावर बुरशीरोधक लिहिलेलं असलं तरी ओल्या भिंतीवर तो रंग पापुद्र्यासारखा सुटतो. विकणारे हे सांगत नाहीत आणि गणपतीच्या घाईत कुणाला ऐकायचंही नसतं.

सफाई मात्र मी स्वतः केली. आमच्या धंद्यातली पोरं बुरशी दिसली की कोरड्या भिंतीवरच खरवडायचा पत्रा मारतात, मला राग येतो. सगळी भुकटी हवेत उडते आणि घरातल्या दमेकऱ्याच्या छातीत जाते. मी आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून भिंत भिजवली, मग ब्रश लावला. तोंडाला एन-95, हातात रबरी मोजे. आतल्या खोल्यांचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. फडकी तिथल्या तिथे पिशवीत बांधली. साफ झाल्यावर टेबलफॅन खिडकीबाहेर तोंड करून लावला.

निघताना काकींना म्हणालो, "डाग परत दिसले तर थोडं टीसीएलचं पाणी लावा." एवढंच बोललो. पुरानंतर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घरोघरी होतीच.

आठवड्याने त्यांच्या मुलाचा फोन आला. बाहेर पाऊस, म्हणून काकींनी खिडकी लावून घेतली होती. टीसीएलने डाग जाईनात, तेव्हा त्याच बादलीत त्यांनी संडास धुवायचं अॅसिड ओतलं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, आणि काकी खाली बसूनच घासत होत्या.

मी पोचलो तेव्हा त्यांना अंगणात आणलं होतं. खोकला थांबेना, डोळे लाल. मुलगा बादली उचलायला आत निघाला होता, त्याला दंडाला धरून मागे ओढलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी सांगितलं होतं?" काकी काही बोलल्या नाहीत.

अॅसिड घाला असं मी सांगितलं नव्हतं. पण घालू नका हेही सांगितलं नव्हतं. फॉइलबद्दल मी दहा मिनिटं बोललो होतो.

गणपती त्याच भिंतीपुढे बसला. मागे हवा खेळावी म्हणून मखर हातभर पुढे घेतलं आणि कापडाचा पडदा सोडला. डिसेंबरात फॉइल दोन्ही बाजूंनी कोरडी निघाली, जानेवारीत रंग दिला. काकींनी चहा आणून ठेवला. आवाज अजून घोगराच होता. त्यांनी विषय काढला नाही, मलाही काढता आला नाही.