टोंगळ्याच्या बाहेरची नस

रविवार, रात्रीचे साडेदहा

आत्ताच गावाहून होस्टेलला पोचले. एसटीत कळंबपर्यंत उभ्यानंच यावं लागलं, पोटऱ्या भरून आल्यात पण झोप काही येत नाहीये. मेडिकलचं पहिलं वर्ष आहे, उद्या सकाळी डिसेक्शन, म्हणजे मृतदेह उकलून शिकणं, पाठीचे मसल्स राहिलेत, आणि मी पुस्तक उघडून तेच एक पान पाहत बसलीये जे गुरुवारपासून डोक्यातून जात नाही. म्हणून आधी लिहून काढते.

गेले दोन आठवडे आमच्या टेबलावरची बॉडी पालथी आहे. आम्ही चौथ्या टेबलवाले त्यांना आजोबा म्हणतो. पहिल्या दिवशी हात जोडून शपथ घेतली होती तेव्हा चेहऱ्याकडं पाहायची हिंमत झाली नव्हती, मी पायांकडं पाहत होते, आणि टाचांना भेगा होत्या, खोल, काळ्या, अगदी आमच्या गावातल्या माणसांच्या असतात तशा. ते कोण होते, कुठले होते, आम्हाला सांगत नाहीत आणि विचारायचंही नसतं. पण तो माणूस आयुष्यभर पायी चालला असणार एवढं टाचा सांगत होत्या. त्या दिवसापासून मला ते परके वाटलेच नाहीत.

कुल्ह्याचा मोठा मसल, ग्लुटिअस मॅक्सिमस, उचलला की खाली पिरिफॉर्मिस नावाचा छोटा मसल, आणि त्याच्या खालच्या कडेनं सायटिक नर्व्ह, म्हणजे पायाकडं जाणारी नस, बाहेर येते. शरीरातली सगळ्यात जाड नर्व्ह. मला वाटायचं नर्व्ह म्हणजे दोऱ्यासारखं काहीतरी असेल, ही तर अंगठ्याएवढी रुंद, बैलाच्या चऱ्हाटासारखी मजबूत. कुल्ह्यावर इंजेक्शन नेहमी वरच्या बाहेरच्या भागात का देतात ते पुस्तकात दहादा वाचलं होतं, पण ती नर्व्ह हातात धरल्यावर पुन्हा वाचायची गरजच राहिली नाही.

ती मांडीतून खाली येते आणि गुडघ्याच्या मागं जो खळगा असतो त्याच्या जरा वर तिचे दोन फाटे होतात. टिबियल सरळ खाली पोटरीत जाते. दुसरी कॉमन पेरोनियल, नवीन पुस्तकांत तिला फिब्युलर म्हणतात पण हॉलमध्ये सगळे पेरोनियलच म्हणतात, ती मांडीमागच्या बायसेप्स मसलच्या टेंडनला, म्हणजे मसल हाडाला बांधणाऱ्या दोरीला, धरून बाहेरच्या अंगाला सरकते आणि फिब्युलाच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या, मानेला वळसा घालून पुढं जाते. माझ्या पार्टनरनं पोटरीत एक बारीक पांढरी दोरी शोधली आणि हीच नर्व्ह म्हणाली, सर म्हणाले जा तिच्यामागं, कुठं जाते बघ. ती गेली थेट टाचेपर्यंत, प्लँटॅरिस या पोटरीतल्या छोट्या मसलचं टेंडन निघालं, पहिल्या वर्षाची पोरं त्यालाच नर्व्ह समजतात म्हणून त्याचं नावच फ्रेशमन्स नर्व्ह पडलंय. खरी नर्व्ह मग मला सापडली. फिब्युलाच्या मानेवर, वरून फक्त कातडी आणि एक पातळ पडदा, खाली थेट हाड. मसलची गादी नाही, काही नाही. उघड्यावर.

सर म्हणाले इथं दाब पडला की फूट ड्रॉप, पाऊल वर उचलताच येत नाही. आणि मी फोरसेप्स हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आईचं हेच झालं होतं.

मी बारावीला होते. सोयाबीन सोंगणीचे दिवस, पाऊस यायची भीती होती म्हणून आई आणि गल्लीतल्या बाया एकराच्या ठेक्यानं सोंगत होत्या, सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत उकिडवं बसून विळ्यानं सपासप कापत पुढं सरकायचं. चौथ्या दिवशी सकाळी आई चुलीजवळून उठली आणि उजवा पाय फरकन खाली आपटला. "पाय उचलूनच नाई रायला व," म्हणाली. दोन पावलं टाकली की चप्पल पायातून निसटून मागं राहायची, ती थांबायची, वळून चप्पल घालायची, पुन्हा दोन पावलं. मला ते अजून दिसतं. पावलाच्या वरच्या बाजूला तिला काही जाणवायचंही नाही, बाभळीचा काटा ओरबाडून गेला, रक्त आलं, तिला माझ्याकडून कळलं.

सगळ्या गावानं ठरवलं, लकवा मारला. एका खाजगी दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पायाला हात न लावताच डोक्याचा सीटी स्कॅन सांगितला. बाबांनी उसने पैसे आणले. स्कॅन नॉर्मल आला, मग ताकदीचं सलाईन लावलं, गोळ्या दिल्या, आणि तीन दिवस सगळं घर आई आता आयुष्यभर अशीच राहणार म्हणून रडत होतं. हात धडधाकट होता, चेहरा सरळ होता, बोलणं स्वच्छ होतं, आणि कुणी एवढंही विचारलं नाही की बाई तू आधी चार दिवस काय काम करत होतीस. मला याचा तेव्हा राग नव्हता आला कारण तेव्हा कळतच नव्हतं, राग गुरुवारी आला.

पुढं दुसऱ्या एका दवाखान्यात एका तरुण मॅडमनी आईच्या टोंगळ्याच्या, म्हणजे गुडघ्याच्या, बाहेर बोट ठेवून टिचकी मारली तशी आई ओरडली, पावलापर्यंत करंट गेल्यासारखं झालं. मॅडम म्हणाल्या नस दबली आहे, उकिडवं बसणं बंद करा, येईल परत. पावलाला पट्टा बांधून दिला. दीड-दोन महिन्यांत पाय उचलायला लागला. ती टिचकी मारली ना, त्याच दिवशी मी ठरवलं होतं काय शिकायचं ते.

आता कळतंय आत काय झालं होतं. गुडघा पूर्ण दुमडून तासन्‌तास बसलं की ती नर्व्ह बायसेप्सचं टेंडन आणि हाड यांच्यामध्ये चेपली जाते, तिच्यावरचं मायलिनचं आवरण खराब होतं, आतला तार शाबूत असतो पण निरोप पुढं जात नाही. आवरण पुन्हा तयार झालं की पाय परत येतो. परदेशात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांमध्ये हे इतकं दिसलं की त्याला त्यांच्याच नावानं ओळखतात. सोयाबीन सोंगणाऱ्या बायांच्या नावानं मात्र कुठल्या पुस्तकात काही नाही.

आणि हीच नर्व्ह कुष्ठरोगातही हाताला जाड लागते. जिथं नस कातडीच्या जवळ असते, थंड असते, तिथंच तो रोग बसतो. आपल्या भागाला हे नवीन नाही, वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून कुष्ठधाम आहे, वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन आहे, लहानपणी आमच्या शाळेची सहल तिथं गेली होती. पाय ओढत चालणारी माणसं तिथं पाहिली होती, आज वाटतं त्यांच्याही फिब्युलाच्या मानेवर कुणीतरी बोट ठेवून पाहिलं असेल.

पाठीबद्दल थोडंच लिहिते, उद्या करायचंच आहे. इरेक्टर स्पायनी, पाठ सरळ धरणारे मसल्स, कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून कंबरेपर्यंत. सरांनी सांगितलं माणूस पूर्ण वाकला की हे मसल्स जवळजवळ गप्प होतात, मग सगळा भार हाडं बांधणाऱ्या लिगामेंटवर आणि मणक्यांमधल्या डिस्कवर. कापूस वेचताना आई अशीच वाकलेली असते, त्यात पोटापुढं ओटी, भरत आली की पाच-सहा किलो. रात्री म्हणते कंबरडं मोडलं, आणि आम्ही झंडू बाम चोळून देतो. बाबांच्या हर्नियाचा इन्ग्वायनल कॅनाल, जांघेतली वाट, पुढच्या महिन्यात येईल, चार सेंटीमीटरचा. असं वाटतं सिलॅबस आमच्याच घरातून काढलाय.

काल संध्याकाळी ओसरीवर आईला पाय लांब करून बसवलं. फिब्युलाचं डोकं शोधलं, त्याच्या खाली बोट आडवं फिरवलं, आणि ती सापडली. बोटाखालून सरकते, ओल्या सुतळीसारखी. जिवंत. मी कितीतरी वेळ बोट तिथंच ठेवलं.

"काय पाहून रायली व तू? झिनझिन्या येऊन रायल्या मले."

मी सांगितलं, आई हीच ती. तिनं स्वतःचं बोट ठेवून पाहिलं, मग दुसऱ्या पायाची शोधली, मग शेजारच्या काकूंना हाक मारली. तासाभरात ओसरीवर पाच-सहा बाया लुगडी टोंगळ्यापर्यंत सारून आपापली नस शोधत होत्या. एकीची सापडेना तर बाकीच्या सगळ्या तिच्या पायावर वाकल्या.

मंगळवारपासून हरभऱ्याची सोंगणी आहे, सात जणींनी मिळून ठेका घेतलाय. मी म्हटलं अर्ध्या तासानं तरी उठून उभं राहत जा, चार पावलं चाला, एक टोंगळा खाली टेकवून बसा. आई म्हणाली, "उठून उभी रायली तं माह्यं तास मांगं पडते न बाई." तास म्हणजे कापत जायची ओळ. यावर मला काही सुचलं नाही, कारण ती खरं बोलत होती, एकरावर पैसे मिळतात. मग काकूच म्हणाल्या, "सगळ्याच सोबत उठलो तं कोनाचंच मांगं नाई पडत." थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. एक जण म्हणाली तास संपलं की उठायचं, दुसरी म्हणाली तास लांब आहे, अर्ध्यात उठू, आणि त्यांचं त्यांचंच सुरू झालं.

मी निघताना आई म्हणाली, पाहू. मंगळवारी संध्याकाळी फोन करते तिला, सातनंतर, घरी आली की.