पैसे देण्याआधी तीन रात्री: जुन्या मोटरहोमची सोलापूरच्या उन्हात परीक्षा

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेआठला, विजापूर रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर आम्ही गाडी चढवली. आत १०० लिटर पाणी, भरलेला सिलिंडर, दोन गाद्या, भांडी, ज्वारीच्या पिठाचा डबा, माझी दोन खोकी पुस्तकं आणि आम्ही दोघं. काट्यावर आकडा आला ३,७१० किलो. आरसी बुकावर गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा ४,००० किलो लिहिलेली. म्हणजे २९० किलो शिल्लक. ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "चल आता. पुढची परीक्षा ऊन घेईल."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होते, हे एस.टी.च्या वर्कशॉपात होते. दोघंही निवृत्त झालो. जुळे सोलापूरचं घर भाड्यानं द्यायचं आणि चालत्या घरात कायमचं राहायचं, असं ठरलंय. दोन आठवड्यांची सहल नव्हे, बाराही महिने. नवीन कॅराव्हॅन आमच्या पेन्शनीत बसत नाही, म्हणून जुनी शोधायला लागलो. पाच महिन्यांत तीन गाड्या पाहिल्या आणि तिसरीत पैसे देण्याआधी तीन रात्री राहून आलो. मालकानं चार दिवसांचं भाडं घेतलं आणि व्यवहार झाला तर ते किमतीतून वजा करायचं कबूल केलं. असं मागायला संकोच करू नका. जो चार दिवस गाडी द्यायला तयार नाही, त्याच्याकडून आयुष्यभराचं घर घेऊ नका.

आधीच्या दोन का सोडल्या, ते सांगते.

पहिली हैदराबादची. आत पाऊल टाकलं आणि मी हरखूनच गेले. पांढरं फर्निचर, निळे दिवे, आरसा. ह्यांनी मात्र आधी आरसी मागितली. कागदावर ती अजून सतरा आसनांची प्रवासी बस होती. आसनं काढून पलंग-ओटा बसवला होता आणि त्या बदलाची कुठेच नोंद नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आपलं सगळं घर ज्या गाडीत, तिचा विमाच डळमळीत असेल तर रात्री झोप कशी लागायची? आरसीवर 'मोटर कॅराव्हॅन' किंवा 'कॅम्पर व्हॅन' असा वर्ग लिहिलेला हवा. नंबरपाटीचा रंगही बघा. भाड्यानं फिरवलेल्या गाडीला पिवळी पाटी असते, ती खाजगीत आणायला आरटीओत वेगळी प्रक्रिया करावी लागते. शिवाय परराज्यातली गाडी म्हणजे नमुना २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि आपल्या राज्याचा रस्ता कर. किमतीच्या घासाघिशीत हा खर्च लोक विसरतात.

दुसरी पुण्याजवळची. कागद चोख, वर्ग बरोबर. पण आत ग्रॅनाइटचा ओटा, बाथरूमला खऱ्या फरश्या, जाड प्लायची कपाटं. वजनकाट्यावर रिकामी गाडी भरली ३,८८० किलो, मर्यादा इथंही ४,०००. पाण्याची टाकी १५० लिटरची. पाण्याचं लिटर म्हणजे एक किलो. नुसती टाकी भरली की गाडी मर्यादेच्या बाहेर, आम्ही दोघं अजून खालीच उभे. जास्तीचं वजन म्हणजे ब्रेक उशिरा लागणार, पाटे बसणार, टायर तापणार. एप्रिल-मेच्या डांबरावर तापलेला टायर काय करतो हे ह्यांनी नोकरीत बघितलंय. त्या गाडीचे टायर वरून कोरे दिसत होते, पण कडेवर चार आकडे होते ३११७, म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. मोटरहोम जास्त वेळ उभं असतं, त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर आतून कडक होत जातं. टायरला वयावरून ओळखा, नक्षीवरून नको.

तिसरी दिसायला साधी. ट्रॅव्हलर मिनीबसच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेली, फिकट पडद्यांची, हलक्या लाकडाची, पांढऱ्या पाटीची. एंजिन आम्ही पोचण्याआधी गरम करून ठेवू नका असं फोनवरच बजावलं होतं. ह्यांनी जाताक्षणी बॉनेटवर हात ठेवला. थंड होतं. थंड एंजिन कसं चालू होतं, धूर कसला येतो, चालू असताना ऑईलचं झाकण उघडलं तर आतून किती जोरात वाफ मारते, हे सगळं तेव्हाच कळतं. मग सतरंजी टाकून हे गाडीखाली गेले ते पाऊण तासानं बाहेर आले. चासीला हातोडीनं वाजवून बघितलं. किनारपट्टीवर राहिलेल्या गाडीची चासी खारट हवेनं आतून खाल्लेली असते. ही घाटावरचीच होती, ठणठणीत वाजली.

पण कोरड्या मुलखातल्या गाडीचा एक धोका आहे, आणि तो आम्हा सोलापूरकरांना पटकन लक्षात येत नाही. इकडे पाऊस थोडा. छताची गळती वर्षभर दडून राहते आणि गाडी कोकणात गेली की पहिल्या रात्री अंथरुणावर ठिबकते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी होटगी रस्त्यावरच्या एका वॉशिंग सेंटरवर नेली. आत सगळ्या कपाटांत आणि पलंगावर वर्तमानपत्रं पसरली आणि त्या पोराला सांगितलं, जेट नको, साध्या नळीनं पाऊस पडल्यासारखं अर्धा तास छतावर पाणी सोड. जोराच्या फवाऱ्यानं सांध्यांत भरलेला चांगला सीलंटही उखडतो. पंख्याच्या झरोक्याजवळच्या कपाटात कागदावर रुपयाएवढा ओला डाग आला. तिथला प्लाय अंगठ्यानं दाबला, अजून मऊ पडला नव्हता. मऊ लागला असता तर आम्ही तिथूनच गाडी परत केली असती. सडलेला प्लाय म्हणजे आतली सगळी भिंत काढायची.

पहिली रात्र हत्तरसंग कुडलजवळ, मामेभावाच्या शेतात. सोलापूरपासून साधारण चाळीस किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, वाचणाऱ्याचा विजय होवो अशा अर्थाचा. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या भाषेत वाचणाऱ्याची आठवण ठेवली, म्हणून मी तिथं पुन्हा पुन्हा जाते.

दुपारी तीनला गाडीत मी लावलेल्या तापमापीवर ४१ अंश होते. बाहेर बाभळीखाली त्याहून कमी. छताला आतून इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारं अस्तर, आहे असं मालक म्हणाला होता. संध्याकाळी हात लावला तर छताचा मागचा भाग तव्यासारखा तापलेला आणि पुढचा कोमट. म्हणजे मागं इन्सुलेशन घातलंच नव्हतं किंवा खाली बसलं होतं. थंडीत गाडी पाहिली असती तर हे कधीच कळलं नसतं.

मामेभावानं घरातून वायर ओढून दिली. "ताई, एसी लावा की, शेतातली लाईट आहे." ह्यांनी आधी टेस्टरनं अर्थिंग बघितलं. नव्हतं. पत्र्याच्या गाडीत अर्थिंग नसलेली वीज घेणं म्हणजे सगळ्या गाडीलाच करंट उतरायची शक्यता. त्या रात्री एसी लावला नाही, दारात खाट टाकून झोपलो. गाडीत आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज आहे का, हे दोन प्रश्न विकत घेताना विचाराच.

दुसरी रात्र अक्कलकोटला, भक्तनिवासाच्या आवारात, विचारून. तीर्थक्षेत्रांची गावं आमच्यासारख्यांना फार सोयीची: पार्किंग, पाणी, स्वच्छतागृह, आणि रात्री माणसांची जाग. त्या रात्री मुद्दाम बाहेरची वीज घेतली नाही.

इथं माझा हिशेब कामाला आला. ह्यांना इन्शुलिन लागतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, आणि वापरातली बाटली एरवी बाहेर चालते तरी ४१ अंशांच्या गाडीत चालणार नाही. म्हणून फ्रिज ही आमच्याकडे चैन नाही. १२ व्होल्टचा फ्रिज ४५ वॅटचा, या उन्हात दिवसाचे १८ तास तरी चालणार: ८१० वॅट-अवर. दोन पंखे, दिवे, फोन मिळून आणखी साडेसहाशे. एकूण १,४६०. बॅटऱ्या दोन, प्रत्येकी १५० अँपिअर-अवरच्या, लेड-ॲसिड. १२ गुणिले ३०० म्हणजे ३,६००, पण लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून हाती १,८००. दिवसा छतावरचं सोलर भर घालणार. कागदावर सगळं जमत होतं.

पहाटे चारला फ्रिज बंद पडला. बॅटऱ्या पाच वर्षांच्या होत्या. दिवसा मीटर पूर्ण भरल्याचं दाखवायचा, पण आत ताकद निम्मीही उरली नव्हती. म्हाताऱ्या बॅटरीचं वय दिवसा कळत नाही, भार टाकून रात्र काढली की कळतं. थर्मासमध्ये बर्फाची पिशवी होती म्हणून इन्शुलिन वाचलं. बर्फ बाटलीला चिकटू द्यायचा नाही, गोठलेलं इन्शुलिन टाकून द्यावं लागतं.

आता तिथं लिथियमची १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची बॅटरी बसवतोय. २,५६० वॅट-अवर, त्यातलं बरंचसं वापरता येतं आणि वजनही कमी. पण नुसती बॅटरी बदलून भागत नाही. चार्जर लिथियमला चालणारा हवा आणि गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे एंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्रावरून, भरायची तर मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. एसीचा विचार बॅटरीवर करू नका: एक टनाचा एसी तासाला हजार वॅट-अवरच्या आसपास खातो, दोन-अडीच तासांत सगळं संपेल.

पाण्याची मात्र मला चिंता वाटली नाही. आमच्या शहरात नळाला काही दिवसांआडच पाणी येतं, त्यामुळे पाणी मोजून वापरायचं वळण बाळपणापासून आहे. दोघांना दिवसाला ३५ लिटर पुरले. पण संडासाचं आधी नीट समजून घ्या. कॅसेट टॉयलेटची टाकी साधारण २० लिटरची, आमची तिसऱ्या दिवशी भरली. ती उचलून सार्वजनिक शौचालयात रिकामी करायची. भरलेली टाकी वीस किलोची, आणि ती साठीतल्या माणसाला खाली उतरवायची असते. मालकासमोर ती पाण्यानं भरून उचलून बघा. पलंगही तसाच: आडवा असेल तर भिंतीकडच्या माणसाला रात्री दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागतं. आम्ही दोघंही रात्री दोनदा उठतो. या गाडीतला पलंग उभा आहे, दोन्ही बाजूंनी उतरता येतं, आणि मला ती गाडी आवडायचं खरं कारण तेच.

भाकरीसाठी गॅस हवाच, इंडक्शनवर भाकरी फुगत नाही. ५ किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी आणि गॅसची सूचना देणारं यंत्रही खालीच बसवलेलं हवं. तिसऱ्या गाडीत ते ओट्याच्या वर, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर होतं. आम्ही ते खाली घेणार आहोत. फ्रिज बंद पडला त्या सकाळी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही यांवर आमचं छान भागलं.

तिसरी रात्र नळदुर्गला, हैदराबाद महामार्गावर एका ओळखीच्या ढाब्यामागे. ट्रकच्या हॉर्ननं झोप झाली नाही. महामार्गावर मुक्काम करायचा तर रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत जा. सकाळी लवकर किल्ला बघितला. एप्रिलात नर-मादी धबधबे कोरडे असतात, ते बघायचे तर चांगला पाऊस झाल्यावर या. पाणी महालाच्या दगडी गारव्यात मात्र आम्ही तासभर बसलो आणि तिथंच ठरवलं, गाडी घ्यायची.

परत येऊन मालकाशी बोललो. ओला डाग, मागचं छत, बॅटऱ्या, तिन्ही गोष्टी लिहून समोर ठेवल्या. त्यानं ८५,००० रुपये कमी केले, वाद न घालता. मालकी बदलायच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या, गाडीवर कर्ज होतं ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा नमुना ३५ घेतला, थकलेले ई-चलान परिवहनच्या संकेतस्थळावर तपासले. दोन निघाले, त्यानं भरले.

चालवायला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत. वयाच्या ५५ नंतर मात्र तो पाचच वर्षांसाठी मिळतो, तेव्हा लांबच्या वाटेला लागण्याआधी त्याची तारीख बघून घ्या. भाड्यानं दिलं तरी घराचा पत्ता आम्ही सोडणार नाही: आधार, बँक, मतदारयादी, विम्याची पत्रं, सगळं तिथंच. हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, तो आता फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो.

तरी यंदाचा दाखला इथंच बँकेत जाऊन देणार आणि मग निघणार. त्याआधी सप्टेंबरातल्या चांगल्या पावसाच्या एका रात्री गाडी पुन्हा मामेभावाच्या शेतात उभी करायची आहे. झरोक्याचं सीलंट नवीन केलंय. त्या कपाटात कोरा कागद ठेवून मी झोपणार आहे.