डी मारियाला त्याचं श्रेय द्या

आज सुट्टी होती म्हणून 2022 च्या फुटबॉल वर्ल्डकपची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल पुन्हा पूर्ण पाहिली. यावेळी नजर मेस्सीवर नव्हती, अर्जेंटिनाच्याच एंजेल डी मारियावर होती.

डाव्या बाजूला त्याला चेंडू मिळाला की फ्रान्सची धांदल उडायची. पेनल्टी त्यानेच मिळवून दिली. मग 36 व्या मिनिटाला सहकारी मॅक अलिस्टरचा पास आला, डी मारियाने फ्रान्सचा गोलकीपर लॉरिसवरून चेंडू जाळ्यात टाकला आणि मॅच चालू असतानाच त्याला रडू फुटलं. 64 व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. फ्रान्सच्या एम्बाप्पेचे तिन्ही गोल त्यानंतरचे. माझं ठाम मत आहे, तो मैदानात असता तर पेनल्टी शूटआउटची वेळच आली नसती.

अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहरात कोळसा विकणाऱ्या घरातला हा काटकुळा मुलगा. आई त्याला सायकलवर बसवून सरावाला न्यायची. 2014 ची फायनल दुखापतीमुळे हुकली, लोकांनी वाट्टेल ते ऐकवलं. पण 2008 च्या ऑलिम्पिक फायनलचा गोल कोणाचा? 2021 ला कोपा अमेरिकाच्या फायनलमध्ये, माराकाना स्टेडियमवर ब्राझीलविरुद्ध, गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचललेला गोल कोणाचा? देशाला फायनल जिंकून देणारा माणूस कायम दुसऱ्या ओळीत राहिला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

2025 मध्ये तो आपल्या जुन्या क्लबात, रोझारिओ सेंट्रलमध्ये परतला. वय 37. आणि गावातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, न्यूवेल्सविरुद्ध, फ्री किकवर विजयी गोल! ती क्लिप बघाच.