पंचवीस हजारांचा दाखला

तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेचे, म्हणजे निराधार अनुदान योजनेचे, टेबल सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. जानेवारी ते मार्च हे हयातीच्या दाखल्यांचे दिवस; रांग जिन्यापर्यंत लागते आणि जो तो अनुदान का थांबले एवढेच विचारतो. म्हणूनच 2025 च्या फेब्रुवारीत एक विधवा बाई समोर येऊन, "भाऊसाहेब, माझं नाव कमी करा," म्हणाली, तेव्हा ते मी तिला पुन्हा बोलायला लावले.

आदल्या जूनपासून ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवत होती. मानधन महिना अडीच हजार, तेही दहा महिने, म्हणजे वर्षाला 25,000 रुपये. निराधार अनुदानाची उत्पन्नमर्यादा आहे 21,000. अनुदान 2023 मध्ये हजारावरून दीड हजारावर गेले, मर्यादा मात्र होती तिथेच राहिली. मी तिला कागदावर हिशेब मांडून दाखवला: वर्षाचे अठरा हजार सोडून पंचवीस हजार घ्यायचे, म्हणजे दहा महिने चुलीपुढे राबून जास्तीचे पडणार सात हजार. असा हिशेब एरवी कोणी मांडत नाही, कारण आमच्याकडचे उत्पन्नाचे बहुतेक दाखले एकवीस हजारांच्या आतच निघतात. रोजगार हमीच्या शंभर दिवसांची मजुरीसुद्धा त्या आकड्यात बसत नाही, हे तलाठ्याला ठाऊक असते आणि मलाही. त्यात मी तलाठ्याला दोष देत नाही. ज्यांनी ही मर्यादा इतकी वर्षे तशीच ठेवली, त्यांना देतो.

"उद्या वसुली निघाली तर मी कुठून भरू? आणि काम करते तर फुकटचं कशाला?" ती म्हणाली. मी शाईचे पॅड पुढे सरकवले होते. ते तिने बाजूला केले आणि एकेक अक्षर जुळवत सही केली.

शाळेचा पट पंचवीसच्या वर असेल तरच दुसरी स्वयंपाकीण मिळते. जूनमध्ये पट तेवीसवर आला आणि नंतर लागलेली म्हणून तिचे काम गेले. जुलैत ती नवा अर्ज घेऊन आली. सोबत उत्पन्नाचा दाखला होता, मागील आर्थिक वर्षाचा, 25,000 रुपयांचा. त्या गठ्ठ्यातला बहुधा तेवढाच एक दाखला खरा होता आणि तेवढाच एक अर्ज मला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे ठेवता येत नव्हता. लाडकी बहीण योजनेची नोंदणीही बंद झाली होती. ती सुरू असताना निराधारचे दीड हजार घेत असल्यामुळे तिला तिथे अर्ज करता आला नव्हता.

शेजारच्या टेबलावरून सूचना आली, "दाखला बदलून आणायला सांगा." मी तसे सांगितले नाही. तिने मला एवढेच विचारले, "मग तेव्हा मी नाव कमी करायला नको होतं का, भाऊसाहेब?"

मला उत्तर देता आले नाही. तिचे सध्याचे उत्पन्न विचारात घ्यावे अशी दीड पानाची टिप्पणी मी वर पाठवली. चौथ्या दिवशी टिप्पणी 'नियमानुसार कार्यवाही करावी' या शेऱ्यासह परत आली. चालू वर्षाचा दाखला एप्रिलनंतर मिळेल. तोवर तिचे दीड हजारही बंद आहेत आणि अडीच हजारही.