ग्लासगोची जवारी

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "अगं, त्या गोंगाटात तुला ऐकू तरी काय येतं?" मी नुकतीच ग्लासगोच्या बॅरोलँड हॉलमधल्या मैफलीचं वर्णन करून थांबले होते. गिटारींचा आवाज छातीत कसा भरला, दोन हजार माणसं एक शब्दही न गाता कशी उभी होती, हे सगळं एका दमात सांगितलं होतं. त्यांचा प्रश्न रास्त आहे. आमच्या घरात सकाळ किराणा घराण्याच्या गाण्याने उजाडते. त्या घरातली मुलगी स्कॉटलंडला नर्स म्हणून जाते आणि शूगेझ, पोस्ट-रॉक असल्या गिटारी संगीताची नावं घेऊ लागते, तेव्हा बापाला काळजी वाटणारच. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात मिरजेपासूनच करायला हवी. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात फोटो आले. आम्ही पोरं मात्र त्या भोपळ्यांच्या ढिगाऱ्यांतूनच शाळेत जायचो. समोरच्या कारखान्यातले चाचा दुपारी जवारी काढायला, म्हणजे तारेचा नाद खुलवायला, बसत. घोडीचा, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीचा, माथा कानशीने हलकेच घासायचा, तार चढवून ऐकायची, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा. तो जरासा इकडे-तिकडे केला की तोवर नुसती टणटणणारी तार अचानक उमलायची. एका तारेतून चार-पाच सूर झिरपायला लागायचे, आणि ते कुठून येतात ते कळायचं नाही. गाणं सुरू होण्याआधी तंबोरे जुळतात तेवढा वेळच मला सगळ्यात जास्त आवडायचा. पुढे ख्याल सुरू झाला की माझं लक्ष उडायचं. हे मी बाबांना कधी सांगितलं नव्हतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये ग्लासगोला आले आणि पहिले तीन महिने मी जवळजवळ बहिरी होते. इंग्रजी येत होतं, परीक्षा उत्तम गुणांनी पास झाले होते. पण इथलं इंग्रजी वेगळंच. शब्द अर्धे गिळलेले, सूर वर चढत जाणारा. बायकांना 'हेन' म्हणून हाक मारतात, बारीक पावसाच्या करड्या दिवसाला 'ड्रीख' म्हणतात. हृदयरोग वॉर्डात म्हातारे पेशंट काहीतरी सांगत आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून दुखतंय की चहा हवाय, ते ओळखायची. शब्द सोडून आवाजाचा चढउतार ऐकायची सवय कानाला तेव्हा लागली.

आमच्या वॉर्डात एक पोर्टर आहेत, पन्नाशी ओलांडलेले. रात्रपाळीला पेशंटची ट्रॉली ढकलताना सतत काहीतरी गुणगुणत असत, पण त्या गुणगुणण्यात शब्द कधीच नसत. मी विचारलं, हे कोणतं गाणं? ते म्हणाले, मोग्वाय, इथलाच एक बँड. "गाण्यात शब्द नाहीत, हेन, त्यामुळे तुला समजायला अडचण यायची नाही." सकाळी बसमध्ये ऐकायला त्यांनी कागदावर एक नाव लिहून दिलं: मोग्वायच्या पहिल्या अल्बमचा शेवटचा तुकडा, सोळा मिनिटांचा.

तो १९९७ चा अल्बम. बँड १९९५ साली याच शहरात उभा राहिला. स्टुअर्ट ब्रेथवेट आणि डॉमिनिक एचिसन हे दोन तरुण, ड्रमवर मार्टिन बुलॉक. बॅरी बर्न्स थोडा नंतर आला. पुढे मला कळलं की बुलॉकच्या छातीत पेसमेकर आहे. दिवसभर मॉनिटरवर इतरांच्या हृदयाचे ठोके बघणाऱ्या मला त्या ड्रमच्या ठोक्याबद्दल तेव्हापासून वेगळीच माया वाटते. तर ती सोळा मिनिटं. तीन सुरांची एक साधी ओळ, पुन्हा पुन्हा. ड्रम येतात. गिटारी एकावर एक चढत जातात, आणि मग अशी वेळ येते की वेगळं वाद्य ओळखू येत नाही, नुसता आवाजाचा एक उजेड राहतो. मग सगळं ओसरतं. मधेच बासरी येते. पुन्हा भरती. बस केल्विन नदीवरच्या पुलावरून जात होती, डिसेंबरातले पावणेनऊ वाजले होते आणि दिवस तेव्हा कुठे उजाडत होता. मी उतरायचा थांबा चुकवला आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले.

बाबा, ते तंबोरे जुळत असतानाचं ऐकणं होतं. ख्याल सुरूच होत नाही आणि तरी मैफल पूर्ण होते.

सायमन रेनॉल्ड्स नावाच्या समीक्षकाने १९९४ मध्ये 'पोस्ट-रॉक' हा शब्द रूढ केला. वाद्यं रॉकचीच, पण काम वेगळं: गिटारीने धून वाजवण्याऐवजी तिचा पोत, तिची नादाची जात पुढे आणायची. 'शूगेझ' हे नाव मात्र त्याच काळातल्या ब्रिटिश पत्रकारांनी हिणवून दिलेलं. ही मुलं स्टेजवर मान खाली घालून उभी राहतात, आपल्या बुटांकडे बघतात, म्हणून. खरं तर ती बघत असतात पायाजवळच्या पेडलांकडे. प्रत्येक पेडल गिटारीच्या आवाजाला काहीतरी करतं: एक आवाज लांबवतं, एक त्याची प्रतिध्वनींची माळ करतं, एक तो फाडून खरखरीत करतं. एकावेळी दहा-पंधरा पेडलं पायाने सांभाळायची असतील तर मान खालीच असणार. तंबोरा लावणाऱ्याचीही असते.

मग करोनाची साथ आली. मार्च २०२० पासून पुढचं वर्ष कसं गेलं त्याबद्दल मी आधी लिहिलंय, पुन्हा लिहिणार नाही. एवढंच सांगते की पेशंटच्या नातेवाइकांना आत येता येत नव्हतं, आणि मास्कच्या वर फक्त डोळे दिसणाऱ्या माणसाच्या आवाजावरच सगळी भिस्त होती. त्याच काळात मोग्वायने नवा अल्बम केला. निर्माता डेव्ह फ्रिडमन अमेरिकेत अडकलेला, बँड इंग्लंडमधल्या स्टुडिओत, आणि तो व्हिडिओ कॉलवरून ऐकून सूचना देतोय. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो अल्बम आला आणि ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. बँडच्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. त्या रात्री आमचे पोर्टर प्रत्येक बेडपाशी थांबून ही बातमी सांगत होते. ज्यांनी मोग्वायचं नावही ऐकलं नव्हतं त्या आजीबाईंनीही टाळ्या वाजवल्या, कारण पोरं ग्लासगोची होती. त्या वर्षी आमच्या वॉर्डात टाळ्या क्वचितच वाजल्या.

बॅरोलँडबद्दल सांगायलाच हवं. शहराच्या पूर्वेला बॅरास नावाचा जुना बाजार आहे, आपल्या आठवडी बाजारासारखा. जुने कपडे, घड्याळं, रेकॉर्डी, सगळं मिळतं. त्या बाजाराच्या मालकीणबाई मार्गारेट मॅकायव्हर यांनी १९३४ मध्ये बाजाराच्या वर नाचाचा हॉल बांधला. १९५८ मध्ये तो जळाला, १९६० मध्ये पुन्हा उभा राहिला. दर्शनी भागावर रंगीत निऑनची प्रचंड पाटी, तिच्यात तारे. जिने चढून वर गेलं की लाकडी जमीन, नाचणाऱ्यांसाठी मुद्दाम लवचिक ठेवलेली. दोन हजार माणसं थोडी जरी हलली तरी ती जमीन पायाखाली श्वास घेते. पोर्टरनी दाराशीच माझ्या हातात इअरप्लग ठेवले. त्यांच्या स्वतःच्या कानात तरुणपणापासून शिट्टी वाजते, कायमची. नव्वदच्या दशकात कोणी कान जपत नव्हतं. नर्स म्हणून मीही तुम्हाला कळकळीने सांगते, असल्या मैफलीला जाल तर कानात बोळे घालूनच जा. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

आता कॉक्टो ट्विन्स हा बँड. माझ्यासाठी सगळ्यांत वरचं नाव हेच, मोग्वायच्याही वर.

ग्लासगो आणि एडिंबरा यांच्यामधे, फोर्थच्या खाडीवर ग्रेंजमाउथ नावाचं गाव आहे. तिथे प्रवासी रेल्वे जात नाही. फॉलकर्कला उतरून बस घ्यावी लागते. गावाच्या डोक्यावर तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या आणि रात्रंदिवस जळणारी ज्योत. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथलं शुद्धीकरण बंद झालं, शेकडो माणसांचं काम गेलं. याच गावात १९७९ मध्ये रॉबिन गथ्री आणि विल हेगी या मुलांनी कॉक्टो ट्विन्स काढला; गायिका एलिझाबेथ फ्रेझर नंतर आली. मी मुद्दाम गाव बघायला गेले होते. पाऊस होता, हवेला तेलाचा वास होता, बसथांब्यावर मी एकटी. कानात फ्रेझरचा आवाज. हा आवाज या रस्त्यांवरून आला, हे त्या क्षणी मला फार मोठं वाटलं.

फ्रेझर काय गाते ते इंग्रजी लोकांनाही कळत नाही. ती शब्द अर्थासाठी घेतच नाही. परभाषेतले, मोडलेले, स्वतः जुळवलेले, ज्यांचा नाद जिभेला भावेल असे शब्द ती घेते. इथले लोक याला गूढ म्हणतात. तराणा ऐकलेल्या माणसाला त्यात गूढ काय वाटणार? दिर दिर तोम तन नन यांचा अर्थ कोणी विचारत नाही. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतही वाद्य नसेल तेव्हा तोंडानेच नाचाची धून गाण्याची जुनी रीत आहे. १९८४ चा 'ट्रेझर' ऐका, मग १९९० चा 'हेवन ऑर लास व्हेगास'. दुसऱ्यात शब्द थोडे कळतात. नुकत्याच जन्मलेल्या मुलीबद्दलचा आनंद त्यात आहे. गथ्रीची गिटार तिच्या आवाजाभोवती अशी पसरते की तिचा एक सूर कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला ते सांगता येत नाही. मला इथे 'कळत नाही' याची जी लाज वाटायची, ती या बाईने घालवली.

माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा डब्लिनचा बँड, आणि त्यांचा १९९१ चा 'लव्हलेस' हा शूगेझचा कळस समजला जातो. मला तो आवडायला दोन वर्षं लागली. पहिल्यांदा वाटलं, फोन बिघडलाय. सूर सतत घसरतोय, स्थिर राहतच नाही. मग कळलं की केव्हिन शील्ड्स गिटारीचा तारा ढिल्या करणारा दांडा मुठीत धरूनच वाजवतो. दर आघाताबरोबर सगळा स्वरसमूह थोडा खाली जाऊन वर येतो. म्हणजे मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं! एका तारेवरची नव्हे, सहा तारांची एकदम. तेवढं लक्षात आल्यावर अल्बम उलगडत गेला. त्यातली गायिका बिलिंडा बुचर बऱ्याचदा सकाळी झोपेतून उठवल्यावर गायची, म्हणून तिचा आवाज तसा पेंगुळलेला, उबदार. रात्रपाळीहून परतताना तो फार जवळचा वाटतो.

स्लोडाइव्हची गोष्ट वेगळ्या कारणाने सांगायची आहे. इंग्लंडमधल्या रेडिंगचे हे लोक; रेचल गॉसवेल आणि नील हॅलस्टेड लहानपणापासूनचे मित्र. १९९१ ते १९९५ मध्ये तीन अल्बम केले. मधला, १९९३ चा 'सुव्हलाकी', आज लोक डोक्यावर घेतात. तेव्हा पत्रकारांनी त्याची निर्दय टिंगल केली. तिसऱ्या अल्बमनंतर कंपनीने करार मोडला, बँड संपला. २०१४ मध्ये पुन्हा एकत्र येऊन उभे राहिले, तर समोर त्यांच्या तरुणपणी जन्मही न झालेली पोरं. २०१७ मध्ये नवा अल्बम, बावीस वर्षांनी, आणि तो जुन्यांच्या तोडीचा. २०२३ चा 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' त्यांनी गॉसवेलची आई आणि ड्रमर सायमन स्कॉटचे वडील यांना अर्पण केला. दोघंही २०२० मध्ये गेले. मी तो ऐकते तेव्हा आमच्या वॉर्डातले तीन-चार चेहरे समोर येतात.

बाकीची नावं भराभर सांगते. आइसलँडचे सिगुर रोस: योन्सी गिटारीवर चेलोचा गज फिरवतो आणि कधी कधी अर्थ नसलेल्या बोलीत गातो; बाबा, तुम्हाला आवडतील. माँट्रियलचे गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर, ज्यांच्या मागे पडद्यावर फिल्म चालू असते, त्यांना रात्री एकटं ऐकू नका. टेक्ससचे एक्स्प्लोजन्स इन द स्काय सगळ्यांना आवडतात. मला त्यांची भरती कधी येणार ते आधीच कळतं, म्हणून मी तिकडे फारशी वळत नाही.

हे लिहीत असतानाच बाबांचा निरोप आला. मी पाठवलेलं 'हेवन ऑर लास व्हेगास' त्यांनी घरात लावलं नाही. फोन घेऊन समोरच्या कारखान्यात गेले. रेकॉर्ड केलेल्या निरोपात मागे कानस घासल्याचा आवाज आहे, मग तो थांबतो. गाणं चालू आहे. खूप वेळ कोणी बोलत नाही. मग चाचांचा आवाज, आता बराच थकलेला: "तार लागलीये चांगली. धागा कुठे ठेवलाय पण?"

मी त्यांना पेडलांच्या फळीचा फोटो पाठवलाय.