धनगरी ओव्या रेकॉर्ड करताना : माझा अनुभव

मी सांगलीची. एमएला लोकसाहित्याच्या पेपरला प्रोजेक्ट होता, मी धनगरी ओव्या घेतल्या. कुणाला असं काम करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी वाचन केलं. सरोजिनी बाबर आपल्याच जिल्ह्यातल्या, वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या, त्यांनी लोकसाहित्य समितीतर्फे केवढं तरी जमवून छापलंय, तिथून सुरुवात केली. मग गुंथर सोन्थायमर. हा माणूस जर्मनीतून आला आणि १९९२ मध्ये वारला तोपर्यंत धनगरांच्यात फिरत, त्यांच्या ओव्या टेप करत राहिला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांवर त्याचं काम आहे. त्याच्याकडून एक महत्त्वाची गोष्ट कळली की धनगरी ओवी म्हणजे नुसतं गाणं नाही, गाण्याचा तुकडा झाला की तेवढीच गोष्ट बोलून सांगतात, परत गाणं, परत बोलणं, असं रात्रभर चालतं.

कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीच्या बिरोबाला जाणारी, ओव्या म्हणणारी एक मंडळी ओळखीतून मिळाली. मी सुरुवातीला सगळं सांगितलं, रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार, नेटवर टाकणार नाही वगैरे. त्यांची परवानगी मी सही घेऊन नाही तर रेकॉर्डिंगमध्येच त्यांच्या आवाजात घेतली, नाव-गाव-तारखेसकट. हे खूप बरं पडतं, कारण कागद हरवतो आणि म्हाताऱ्या माणसांना सही म्हटलं की उगाच धास्ती वाटते.

गाईडनी दहा मिनिटांचा नमुना बास म्हटलं होतं. मी म्होरक्या आण्णांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "बाय, देवाच्या जन्माची ओवी हाय, मधीच सोडाय येत न्हाई. ऐकायची तर बस." बसले. देवळापुढं घोंगडी अंथरली, भंडारा लावला, ढोल वाजला आणि सुंबरान मांडलं, म्हणजे सुरुवातीला देवाचं स्मरण केलं. आण्णा एक ओळ सोडायचे, मागं साथ करणारे झीलकरी ती उचलायचे, आणि गाणं थांबलं की आण्णा एकदम साध्या आवाजात, शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसं, बिरोबाच्या आईला, सुरवंतीला काय काय भोगावं लागलं ते सांगायचे. मागं बसलेल्या बायका "व्हय बाई" म्हणायच्या. एकदा आण्णा नाव चुकले तर मागून दुसऱ्या म्हाताऱ्यानं दुरुस्त केलं आणि आण्णा तिथूनच पुढं गेले. हे सगळं रेकॉर्डरमध्ये आलं आणि मला तरी तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. स्टेजवर धनगरांच्या गजीनृत्याला, म्हणजे ढोलावरच्या नाचाला, दहा मिनिटं देतात, रिळमध्ये तर अर्ध्या मिनिटात ढोल आणि उड्या, त्यात ही ऐकणारी माणसं आणि गोष्ट कुठं बसणार? मला स्टेजचा राग नाही, पोरं त्यामुळं शिकतात, पण तेवढंच म्हणजे धनगरी ओवी असं लोकांना वाटायला लागलंय, ते खटकतं.

टेक्निकलचं थोडक्यात. ढोलाजवळ माईक ठेवू नका, आवाज फाटतो, म्होरक्याच्या तोंडासमोर ठेवा आणि लेव्हल कमी धरा. एमपीथ्री नको, वेव्ह फाईल ठेवा, दोन ठिकाणी कॉपी करा.

खरी परीक्षा उतरवून काढताना. पाच मिनिटं लिहायला अख्खी संध्याकाळ जायची, कारण ढोलात शब्द बुडतात आणि काही शब्द आता कुणी वापरतच नाही. अडलं की आण्णांना फोन. "न्हाई"चं "नाही" मी अजिबात केलं नाही, कॉलेजात एका जणानं प्रमाण भाषेत लिहा म्हणून सुचवलं होतं, पण मग ती आण्णांची ओवी राहते कुठं? गाणं कुठलं, बोलणं कुठलं, मागून कोण बोललं, सगळं वेगवेगळं दाखवलं. एक भाग मंडळींनी बाहेर देऊ नको म्हटलं, तो प्रोजेक्टमध्ये घातला नाही.

सबमिट करायच्या आधी मंडळींना सगळं वाचून दाखवलं आणि रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर भरून दिलं, पेनड्राईव्ह त्यांच्या उपयोगाचा नव्हता. आण्णांच्या नातवानं ते मोबाईलमध्ये घातलंय, मेंढरामागं जाताना लावतो. आता जतकडच्या एका मंडळीचा नंबर त्यांनीच दिलाय, तिकडं हीच ओवी वेगळ्या वळणानं म्हणतात म्हणे.