काळी चार

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात तीन फूट चढलं आणि चार दिवस तसंच बसून राहिलं. २००५ ला ते पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं, त्यामुळे आम्ही शेवटपर्यंत गाफील राहिलो. या वेळी आयर्विन पुलापाशी पाण्यानं ५७ फूट ओलांडले. निघताना अंगावरचे कपडे, आईची औषधं आणि कागदपत्रांची पिशवी एवढंच बरोबर घेतलं. ऑर्गन कुठे नेणार? शेजारच्या तिघा मुलांनी तो कसाबसा सागवानी दिवाणावर चढवला, मी त्याच्यावर आईचं जुनं नऊवारी टाकलं आणि दाराला कडी घातली. बोटीत आई म्हणाली, "आत्ता त्याचा विचार करू नकोस." त्या चार दिवसांत मी दुसऱ्या कशाचा विचार केल्याचं मला आठवत नाही.

हा ऑर्गन आमच्या घरी आला मिरजेहून. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून अमेरिकन मंडळींचा तिथे राबता होता. त्यांतलं एक कुटुंब स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मायदेशी परतलं, तेव्हा सामान विकायला काढलं होतं. आजोबा कपाट बघायला गेले आणि बैलगाडीत ऑर्गन घालून घेऊन आले. आजी त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही म्हणे. एस्टी कंपनीचा, ब्रॅटलबरो, व्हर्माँट. पाच सप्तकं, एकसष्ट पट्ट्या, रीडचे, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभांचे, दोन संच. वर ओळीनं खुंट्या, त्यांच्या पांढऱ्या चकत्यांवर वळणदार अक्षरांत नावं: मेलोडिया, डायपेसन, डल्सियाना, व्हॉक्स ह्युमाना. शेवटच्या नावाचा अर्थ माणसाचा आवाज. ती खुंटी ओढली की आत एक पंखा फिरतो आणि सूर थरथरायला लागतो. अण्णांनी ती मला कधी ओढू दिली नाही. "गाणाऱ्याचा आवाज आहे की समोर, तू तुझा सूर सरळ धर," म्हणायचे. मीही आजवर ती ओढलेली नाही.

आमच्याकडे संगीत नाटक आणि ऑर्गन ही जोडी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बालगंधर्वांचं नागठाणे आमच्याच जिल्ह्यात. त्यांच्या कंपनीत तबल्यावर थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष आणि जोडीला ऑर्गन, हे ऐकतच इथली मुलं मोठी होतात. अण्णा हौशी नाटकांना साथ करायचे. ते गेल्यावर त्यांच्या जागी मी बसले, आणि आता त्यालाही पंचवीस वर्षं झाली.

हातपेटी आणि ऑर्गन यांत मोठा फरक हवेचा आहे. हातपेटीचा भाता हवा रीडमधून बाहेर ढकलतो. ऑर्गनमध्ये पेडल मारली की भाता आतली हवा उपसतो आणि बाहेरची हवा रीडमधून आत ओढली जाते. म्हणून त्याचा सूर टोचत नाही, गोल येतो, आणि मागे घुमारा राहतो. उजव्या गुडघ्याशी एक लाकडी दांडी असते, ती बाहेर रेटली की झडपा उघडून आवाज मोठा होतो. म्हणजे गाणारा तानेवरून समेवर येताना माझे दोन पाय, एक गुडघा आणि दहा बोटं सगळी त्याच्याबरोबर असतात. त्याचा दमसास संपत आला की माझा पाय आपोआप हलका होतो. हे मला कुणी शिकवलं नाही, या वाद्यावर बसून बसून ते अंगात उतरलं.

पाणी ओसरल्यावर दार उघडलं. गाळ, वास, भिंतीवर एकसारखी रेघ. नऊवारी जागच्या जागी होतं. पाणी दिवाणाच्याही वर दीड फूट चढलं होतं, म्हणजे पेडल आणि भाता पूर्ण बुडाले, रीड मात्र वीतभर वर राहिले. मी वाकून पेडल दाबलं. ते खाली गेलं ते वर आलंच नाही. आतून ओल्या कापडाचा एक मोठा तुकडा गळून माझ्या पायावर पडला. भाता सगळा सुटला होता.

पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, ते फेकून द्या. चांगला कीबोर्ड घ्या, ऑर्गनचा टोन त्यात असतोच." मी फोन ठेवला.

मिरजेचे एक वयस्कर कारागीर आहेत, त्यांना मी चाचा म्हणते. सतारी-तंबोऱ्यांच्या गावात ते पेट्यांचं काम करतात. त्यांनी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवं पडून अर्धा तास आत बघितलं. मग उठून बोटाला लागलेला चिकट तपकिरी थर मला दाखवला. "ताई, हा सरस हाय. पाणी लागलं की सुटतोय. सुटलंय म्हंजे तुटलं न्हाई." शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी भात्याचं कापड, कातडं आणि लाकडाचे बरेच सांधे सरसानं, म्हणजे पाण्यानं सुटणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गोंदानं, जोडले होते, म्हणून पुरानं ते उलगडले. खिळे ठोकून किंवा आजच्या पक्क्या गोंदानं जोडलं असतं, तर लाकूडच फाटलं असतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गेलं.

काम पाच महिने चाललं. लाकूड सावलीतच वाळवायचं, उन्हात ठेवलं की पीळ पडतो. भात्याला नवीन रबरी कापड, झडपांना नवीन कातडं. रीड मात्र चाचांनी माझ्याकडून साफ करून घेतले. टोकाला आकडा असलेली एक बारीक पट्टी असते, ती रीडच्या खाचेत अडकवून हळूच ओढली की रीड बाहेर येतो. करंगळीएवढा पितळेचा तुकडा, त्यावर एका बाजूनं जडवलेली पातळ जीभ. एकशे बावीस रीड मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून क्रमानं मांडले, प्रत्येकाखाली पेन्सिलनं आकडा. पितळ हिरवट झालं होतं. मऊ ब्रशनं पुसायचं, आणि जिभेच्या फटीत कागदाची पट्टी सरकवून कण काढायचा. जोर लावायचा नाही. जिभेचं टोक जरा खरवडलं गेलं तरी सूर चढतो, बुडाशी खरवडलं तर उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.

मधे ५ नोव्हेंबर आला. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून रंगभूमी दिन. दर वर्षीसारखी मला साथीला बोलावणी होती. उसना कीबोर्ड घेऊन वाजवलं. सूर चोख होते, कुणी नाव ठेवलं नाही. पण पाय जमिनीवर नुसते पडून होते. आत्यानं आलाप लांबवला आणि ती कुठे थांबणार ते मला कळलंच नाही. कार्यक्रम झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "आज तू लांब बसली होतीस का गं?" मी नेहमीच्याच जागी होते.

संक्रांतीनंतर ऑर्गन उभा राहिला. आता तो पूर्वीसारखा नाही, हे सांगायला हवं. खर्जाकडचे चार सूर किंचित घोगरे झालेत, भाता थोडा लवकर दमतो, आधी दोनदा पाय मारून जे व्हायचं त्याला आता तीनदा मारावे लागतात. शिवाय हवा आत ओढणारं वाद्य, त्यामुळे खोलीतली धूळही तेच ओढतं. पुरानंतर सांगलीत गाळाची धूळ महिनोन्‌महिने उडत होती. जोडून आठवडाही झाला नव्हता, तोवर मधल्या सप्तकातली काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, मुकी झाली. आकडा घालून रीड काढला, उजेडात धरला. जिभेच्या कडेला खसखशीच्या दाण्याहून लहान असा गाळाचा कण. कागदाची पट्टी सरकवून तो काढला आणि रीड परत खाचेत बसवला.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा वाढायला लागलं, तेव्हा घरातली पहिली वस्तू वर गेली ती हीच. सहा जण लागले. तेव्हापासून तो माडीवरच आहे. आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, जिना सतरा पायऱ्यांचा आहे. मधे एकदा थांबते, कठड्याला धरून वर येते, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून श्वास खाली बसू देते. तोवर मी पेडल मारत राहते. मग ती पदर सारखा करते आणि म्हणते, "हं. काळी चार दे."